पाणी कोण मारणार?

वाचकहो, या दिवाळीत रांगोळी काढायला बसण्याआधी एक छोटेसे काम करा. एक दिरहमचे नाणे घ्या, आपल्या अंगणात, मागच्या ओट्यावर किंवा गच्चीत जा आणि हातभर अंतराने जमीन वाजवत चला. उकिडवे बसणे जमत नसेल तर काठीच्या टोकाने ठोका. मी आता तेच करतो. बहुतेक ठिकाणी खणखणीत आवाज येईल. एखाद्या ठिकाणी मात्र तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज येईल. तिथे खडूने गोल करून ठेवा, आणि मग हा लेख पुढे वाचा.

मी कराडला चौतीस वर्षे स्थापत्य अभियांत्रिकी शिकवली. काँक्रीटमधून पाणी कसे झिरपते, या विषयावर माझी पीएच.डी. आहे. हे सांगतो आहे ते मिरवण्यासाठी नाही. उलट, एवढे सगळे शिकून-शिकवून झाल्यावर माझ्याच मुलीच्या अंगणात मी जी चूक होऊ दिली, तिचे वजन तुम्हाला नीट कळावे म्हणून सांगतो आहे.

आम्ही दोघे गेली काही वर्षे मुलीकडे शारजात असतो. घर भाड्याचे आहे, जुन्या पद्धतीचे, पुढे भिंतींनी बंदिस्त असे काँक्रीटचे अंगण. त्याच्या एका कोपऱ्यात हिने कुंडीत तुळस लावली आहे. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस तुम्ही विसरला नसाल. गेल्या पंचाहत्तर वर्षांत या देशात इतका पाऊस झाल्याची नोंद नव्हती. अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे एका दिवसाच्या आत अडीचशे मिलिमीटरहून अधिक पडला. शारजातल्या काही वस्त्यांत पाणी आठवडाभर हटले नाही. आमच्या अंगणात ते पाच दिवस होते. पाणी गेले, चिखल धुतला, आणि दोन महिन्यांनी अंगणावर पांढरी भुकटी दिसू लागली. मोलकरीण ती पुसायची, चार दिवसांनी पुन्हा यायची. पावसाआधीही तुळशीच्या कोपऱ्यात ती थोडीफार असायचीच, पण तेव्हा कुणी लक्ष दिले नव्हते. मग त्या कोपऱ्यात पापुद्रे सुटू लागले आणि खालची खडी उघडी पडली.

दिवाळी जवळ आली. पाहुणे येणार होते. मालकाने एक दुरुस्तीवाला पाठवला. त्याने अंगण पाहिले आणि म्हणाला, दोन दिवसांत नवे करून देतो, वरून पाच मिलिमीटरचा थर मारू, रंग हवा तो सांगा. आता ऐका. हेच उत्तर परीक्षेत लिहिले म्हणून मी मुलांचे गुण कापलेले आहेत. खालचे सैल झालेले न काढता वरून पातळ थर देणे म्हणजे ओल्या भिंतीवर कागद चिकटवणे. ते मला माहीत होते. पण मुलगी दमलेली होती, जावईबापू म्हणाले, "बाबा, दिवाळीपुरते दिसू दे चांगले, मग बघू," आणि मी मान डोलावली. अंगण करडे, गुळगुळीत, छायाचित्रात छान दिसले.

पुढच्या एप्रिलात संध्याकाळी ही तुळशीला दिवा लावायला गेली. नवा थर त्या कोपऱ्यात पापडासारखा उचलला गेला होता. त्याच्या कडेत चप्पल अडकली आणि ही पडली. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यात मुलगी मला काही बोलली नाही, हीही बोलली नाही. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

खरे तर अंगणाची दुरुस्ती ही माझ्यासाठी नवी गोष्ट नव्हतीच. माझे बालपण मालवणजवळच्या वाडीत गेले. आमच्याकडे अंगणाला खळे म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने खळे शेवाळाचे आणि गवताचे. पाऊस ओसरला की ते नव्याने घालायचे. गवत मुळासकट खणून काढायचे, खड्ड्यांत माती भरायची, पाणी शिंपून रात्रभर मुरू द्यायचे, आणि मग घरातल्या सगळ्यांनी लाकडी चोपणी घेऊन ओळीने चोपत जायचे. चोपण्याचा तो आवाज वाडीभर ऐकू येई; कुणाचे खळे किती झाले ते आवाजावरून कळे. माती फार ओली असेल तर चोपण्याला चिकटते, फार कोरडी असेल तर भुगा होतो. नेमकी वेळ आजी पायाच्या अंगठ्याने दाबून ठरवायची. नंतर दोन-तीन वेळा शेणाने सारवले की दिवाळीपर्यंत खळे तयार. ते पुढच्या पावसापर्यंतच टिकायचे, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसायची. गेल्या वर्षीच तर केले होते, असे म्हणताना मी कुणाला ऐकले नाही.

मग काकांनी सिमेंटचा कोबा घातला. गावातला पहिला. आता दरवर्षीची कटकट संपली, असे सगळ्यांना वाटले. आजी तेवढी म्हणाली, "याच्यात पाणी खंय जातला?" आम्ही हसलो होतो. मला वाटते माझ्या प्रबंधाचा विषय तिने तिथेच सुचवला होता.

आता जरा दूर जाऊ, कारण हे अंगण समजून घ्यायला मला दुसऱ्या एका अंगणाचा उपयोग झाला. माझा मुलगा डेन्व्हरला असतो. कोलोरॅडोमधले हे शहर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच, पलीकडे रॉकी पर्वताच्या रांगा. त्याच्या मागच्या दारी काँक्रीटचा ऐसपैस ओटा आहे, तिकडे त्याला पॅटिओ म्हणतात. हिचे मनगट मोडले त्याच आठवड्यात त्याने आईची चौकशी करता करता मला त्या ओट्याचे फोटो पाठवले. "बाबा, वरची सालं निघतायत, खालची खडी दिसतेय. काय करू?" मी ते फोटो आणि आमच्या अंगणाचे फोटो शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. कडेची भिंत दिसली नसती तर कोणते डेन्व्हरचे आणि कोणते शारजाचे, हे मलाही सांगता आले नसते. एक जागा अशी की हिवाळ्यात तापमान शून्याच्या खाली उतरते, दुसरी अशी की उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवला तर पोळतो. आजार मात्र एकच दिसत होता.

डेन्व्हरचे आधी सांगतो, ते सोपे आहे. काँक्रीट दिसायला दगड असले तरी आतून ते अतिशय बारीक छिद्रांचे असते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. छिद्रे पाण्याने जवळजवळ भरलेली असतील आणि ते पाणी गोठले, तर आतून दाब येतो आणि वरचा थर सुटतो. डेन्व्हरला थंडी असते, पण ऊनही कडक असते. दिवसा बर्फ वितळून पाणी आत शिरते, रात्री ते गोठते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सतत गोठलेल्या जागेपेक्षा ही रोजची ये-जा काँक्रीटला जास्त छळते.

यावरचा उपाय अमेरिकेत १९३० च्या दशकात अपघातानेच सापडला. रस्त्यांचे काही तुकडे हिवाळ्यात इतरांपेक्षा फार चांगले टिकत होते. शोध घेतल्यावर कळले की त्यांचे सिमेंट दळताना जनावराची चरबी वापरली गेली होती, आणि तिच्यामुळे काँक्रीटमध्ये साबणाच्या फेसासारखे अगदी बारीक बुडबुडे राहिले होते. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला त्या बुडबुड्यांत जागा मिळे. आज थंड प्रदेशात मुद्दाम रसायन घालून पाच ते सात टक्के हवा काँक्रीटमध्ये ठेवतात. मला हा इतिहास शिकवायला फार आवडायचा. कराडच्या मुलांना त्याचा उपयोग शून्य होता, तरी मी पूर्ण तास घेत असे.

मुलाला विचारले, ओट्यावर मीठ टाकतोस का? टाकत होता, आई आली की घसरू नये म्हणून! मीठ बर्फ वितळवते हे खरे, पण त्यामुळे ओटा जास्त काळ ओला राहतो, छिद्रे जास्त भरतात आणि वरची साले निघण्याचा वेग वाढतो. गंमत अशी की फार खारट पाण्यापेक्षा दोन-चार टक्क्यांचे सौम्य मीठपाणीच सर्वांत जास्त नुकसान करते. पाय घसरू नये म्हणून साधी वाळू टाक, असे सांगितले. नव्या काँक्रीटवर तर पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नको.

आता इथले. इथे बर्फाचा प्रश्न नाही. हो, जबल जैसवर कधीतरी बर्फ पडतो, फेब्रुवारी २०१७ मध्ये पडला तेव्हा आपल्यापैकी काही हौशी मंडळी गाड्या घेऊन निघाली होती. पण तो अपवाद. इथे गोठण्याची भूमिका मीठ करते, आणि ते वरून टाकावे लागत नाही, खालून येते. या किनाऱ्यालगतची बरीच जमीन सबखा आहे, म्हणजे खारपट. भूजल जमिनीच्या अगदी जवळ आणि समुद्राहूनही खारट असू शकते. काँक्रीटचा खालचा भाग ओला, वरचा भाग उन्हात तापलेला. दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी छिद्रांतून वर चढते, पृष्ठभागावर येऊन उडून जाते, आणि त्यातले मीठ मागे राहते. वर राहिले तर ती पांढरी भुकटी. ती दिसायला वाईट पण निरुपद्रवी. पृष्ठभागाच्या जरा खाली, आतल्या आत राहिले तर तिथे त्याचे स्फटिक वाढू लागतात आणि ते छिद्राच्या भिंतींवर दाब देतात. सोडियम सल्फेट नावाचे एक मीठ त्यात विशेष खट्याळ. साधारण ३२ अंशांच्या खाली ओलावा मिळाला की ते पाणी शोषून आपले आकारमान चौपटीच्या आसपास नेते, तापल्यावर पुन्हा कोरडे होते. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर आठवा; दिवसा त्याच्या वर, रात्री त्याच्या खाली. डेन्व्हरला बर्फ जे रोज करतो, तेच इथे मीठ करते.

आखाताने हा धडा महागात घेतला आहे. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला, इमारती झपाट्याने उठल्या, आणि काही ठिकाणी समुद्रकाठची वाळू आणि मचूळ पाणी सरळ काँक्रीटमध्ये गेले. दहा-पंधरा वर्षांत सळया गंजून फुगल्या आणि सज्जांचे तुकडे पडू लागले. लंडनच्या सिरिया या संस्थेने १९८४ मध्ये खास आखाती प्रदेशातल्या काँक्रीटसाठी मार्गदर्शिका काढली. ती मी तेव्हा कराडला मागवून घेतली होती. आपल्याकडे तरी काय वेगळे होते? १९७३ साली वाहतुकीला खुला झालेला वाशीचा पहिला खाडीपूल खाऱ्या हवेने असा पोखरला की शेजारी दुसरा बांधावा लागला. गोव्यात मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आत गंजलेल्या तारांमुळे. त्या वर्षीच्या वर्गात मी अभ्यासक्रम बाजूला ठेवून पंधरा दिवस फक्त मिठावर बोललो होतो.

आज इथली मोठी बांधकामे फार काळजीने होतात. उन्हाळ्यात काँक्रीट रात्री ओततात आणि मिसळताना पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालतात, म्हणजे ते ओतताना थंड राहील. मुलाला हे सांगितले तर त्याला खरेच वाटेना. तो ज्यापासून अंगण वाचवतो आहे, तेच इथे काँक्रीटच्या पोटात घालतात. पण ही काळजी बुरुजांच्या आणि पुलांच्या वाट्याला येते. घराचे अंगण हे बांधकामात सगळ्यात शेवटी, उरलेल्या मालात, उरलेल्या माणसांकडून होते. कराडलाही तसेच, इथेही तसेच.

तर मीठ खालून येते हे समजले. पण मग सगळे अंगण फुटायला हवे होते. तुळशीचाच कोपरा का? मी तीन दिवस त्या कोपऱ्यासमोर खुर्ची टाकून बसलो. पुराचे पाणी सगळीकडे सारखेच होते. उतार पाहिला, ठीक होता. कुंडीतले पाणी असेल म्हटले, तर तेवढ्याने हे व्हायचे नाही. गळ्यात हात अडकवून शेजारी बसलेली ही म्हणाली, "अहो, त्या साळुंक्या रोज दुपारी तिथेच पाणी प्यायला येतात. पाऊस नाही, नळ नाही. मग पितात काय?"

वर पाहिले. भिंतीतून एसीच्या पाण्याची बारीक पांढरी नळी बाहेर आलेली होती. ती भिंतीला चिकटून खाली उतरत कुंडीच्या मागे संपत होती. एप्रिल ते नोव्हेंबर दिवसरात्र टप, टप, टप. एका एसीतून दमट दिवसात बादलीच्या बादली पाणी निघते. ते पाणी जवळजवळ डिस्टिल्ड वॉटरइतके शुद्ध, म्हणून कुणाला त्याचा संशय येत नाही. पण ते कोपऱ्यातून खाली मुरत होते, जमिनीतले मीठ विरघळवत होते, आणि तेच पाणी हातभर पलीकडे उन्हात वर येऊन मीठ सोडून उडून जात होते. पुराने मिठाचा साठा वाढवला असेल, पण त्याला रोज वर आणण्याचे काम आमचाच एसी वर्षानुवर्षे करत होता. काँक्रीटमधून पाणी कसे झिरपते यावर ज्याने तीनशे पाने लिहिली, त्याच्या डोक्यावर ते रोज गळत होते, आणि दाखवून कुणी दिले, तर साळुंक्यांनी आणि हिने.

म्हणून वाचकहो, खडूने गोल केलेल्या जागी पहिले काम हे की, पाणी कुठून येते ते शोधा. एसीची नळी, गळका नळ, बागेला पाणी देणारे पाइप, गाडी धुण्याची जागा, शेजारच्या टाकीचा ओव्हरफ्लो. वरून दिसत नसेल तर खालून येते का ते पाहायला सोपी युक्ती आहे. सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा कागद कोरड्या जागी ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्का बंद करा आणि निदान सोळा तास तसाच ठेवा. काढताना आत दव दिसले किंवा जमीन काळपट झाली असली, तर पाणी खालून येते आहे. अशा जमिनीवर श्वास कोंडणारा कुठलाही लेप, इपॉक्सी असो की चकचकीत रंग, चढवू नका. खालून येणारे पाणी तो अडवत नाही. फक्त मिठाला स्वतःच्या पाठीशी गोळा करतो आणि एक दिवस सगळा थर घेऊन उचकटतो. फरशा बसवल्या तरी तेच, फक्त कळायला उशीर लागतो.

आम्ही नळी वळवून बादलीत सोडली आणि मग सहा महिने काहीच केले नाही. हे सांगायला सोपे आहे, पण घरात रोज कुणीतरी विचारायचे. सुटलेला थर काढून टाकला, कोपऱ्याला दोरी बांधली, आणि दर शुक्रवारी मी कोरड्या ब्रशने वर आलेले मीठ झाडून डब्यात भरत गेलो. झाडायचे कोरडेच, पाण्याने धुतले की ते विरघळून पुन्हा आत जाते. मे महिन्यात मूठभर निघायचे, सप्टेंबरात चिमूटभर. ती दिवाळी आम्ही दोरीसकट साजरी केली. नातीने दोरीला कागदी कंदील अडकवले. पाहुण्यांपैकी एकाने विचारलेच, "सर, तुमच्याच घरी हे?" मी म्हणालो, हो, माझ्याच.

उन्हाळ्यात काम न काढण्याला आणखीही कारण होते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास इथे बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. जो उन्हात माणसाला उभे राहवत नाही, त्यात ओला गिलावाही राहत नाही. तासाभरात वरचे पाणी उडते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. इथला दुरुस्तीचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. डेन्व्हरचे पंचांग नेमके उलटे. तिथे वसंत सरल्यावर सुरू करायचे आणि बर्फ पडण्यापूर्वी पुरेसे आठवडे हातात ठेवायचे, कारण कच्चे काँक्रीट गोठले की कायमचे अधू होते.

नोव्हेंबरात माल्द्याकडचा एक मिस्त्री मिळाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मी त्याला माझे शिक्षण सांगितले नाही. त्याने हातोडीच्या दांड्याने अंगण वाजवले, आणि मी खडूने जिथे गोल केले होते त्याच्या वीतभर बाहेर स्वतःची रेघ मारली. बरोबर होती. मग कटरने त्या रेघेवर बोटाच्या पेरभर खोल सरळ काप घेतला. ही गोष्ट बघण्यासारखी असते. दुरुस्तीची कड कधीही निमुळती ठेवू नये. पोळीच्या काठासारखी पातळ कड पहिल्यांदा सुटते, आणि हिची चप्पल अडकली ती तशाच कडेत. आत छिन्नीने सगळे सैल काढून खडबडीत केले, ब्रशने धूळ काढली, आदल्या रात्रीपासून पाण्याने भिजत ठेवले. गोड्या पाण्याने, विहिरीचे मचूळ पाणी इथे चालत नाही. सकाळी साचलेले पाणी पुसून घेतले. जमीन आतून ओली आणि वरून कोरडी हवी, म्हणजे ती नव्या मालातले पाणी शोषून घेत नाही. सिमेंटची पातळ पेस्ट ब्रशने घासून लावली, आणि ती ओली असतानाच पॉलिमर घातलेला घट्ट माल भरला. लाडवाचे मिश्रण मुठीत वळले जावे इतपतच पाणी. सैल माल पसरायला सोपा असतो, म्हणून सगळे तोच करतात, आणि त्यातले जास्तीचे पाणी उडून गेले की मागे छिद्रेच उरतात. जुन्या काँक्रीटमध्ये जिथे सांधा होता, तिथे नव्यातही सांधा कापला. तो बुजवला तर भेग स्वतःची वाट स्वतः काढते. उतार दर मीटरला एक सेंटीमीटर, भिंतीपासून दूर.

काम संपल्यावर हात धुताना त्याने विचारले, "साब, पानी कौन मारेगा?"

चौतीस वर्षांत मी क्युरिंगवर किती व्याख्याने दिली असतील, पण तो प्रश्न इतका सरळ कधी कुणी विचारला नव्हता. सिमेंट वाळून घट्ट होत नाही; ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, आणि त्यासाठी ते आठवडाभर ओले राहावे लागते. त्या आठवड्यात छिद्रे बारीक होतात, एकमेकांपासून तुटतात. डेन्व्हरचा बर्फ असो की शारजाचे मीठ, आत शिरायला वाट किती राहणार हे तिथे ठरते. पण मिस्त्रीची मजुरी दोन दिवसांची ठरलेली असते. पाणी मारण्याचे सात दिवस कुणाच्याच बिलात नसतात. ठेकेदार म्हणतो मालकाने मारावे, मालक म्हणतो भाडेकरूने, भाडेकरू कामावर गेलेला असतो. मी फुटलेली जितकी अंगणे पाहिली, त्यांतली निम्मी तरी या प्रश्नाचे उत्तर न ठरल्यामुळे फुटली असतील.

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "मी मारीन."

मनगट तेव्हा बरे झाले होते, पण पीळ देता येत नव्हता. नळाची चावी ती डाव्या हाताने फिरवायची. गोणपाट पसरले, त्यावर प्लास्टिक, आणि सकाळी सहा, दुपारी बारा, चार आणि रात्री झोपताना पाणी. मी एकदा म्हणालो, रात्रीचे मी करतो. "तुम्ही वाचा," म्हणाली. त्यात राग होता की नव्हता, ते मला अजून ठरवता आलेले नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला, गोणपाट ओले आहे ना विचारायला. पैसे चुकते झाल्यावर असा फोन मला आयुष्यात पहिल्यांदाच आला.

सातव्या दिवशी गोणपाट काढले. महिनाभराने, पूर्ण वाळल्यावर, वर सिलेनचा हात दिला. हे द्रव पृष्ठभागावर साय धरत नाही, आत मुरते. वरचे पाणी आत जात नाही आणि आतली वाफ बाहेर पडू शकते. काही वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागते. मुलालाही तेच सांगितले. त्याने मे महिन्यात ओट्याचा फुटलेला भाग काढून हवेचे बुडबुडे असलेल्या मालाने भरून घेतला, आणि छपराचे पाणी ओट्यावर पडत होते ती पन्हळही वळवली. तिथेही पाणी वरूनच येत होते.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. हे सगळे करण्याआधी मालकाची लेखी परवानगी घ्या आणि आधीचे फोटो काढून ठेवा. आमच्या मालकाने कटर लावायला आधी नकार दिला होता. त्याला मी उचकटलेला थर आणि डबाभर मीठ नेऊन दाखवले. त्याने मीठ बोटाने चाखून पाहिले आणि हो म्हणाला.

आता एक उन्हाळा त्यावरून गेला आहे. मी दर महिन्याला काठीने वाजवून पाहतो. दुरुस्त केलेला कोपरा खणखणीत वाजतो. त्याच्या शेजारी, जुन्या भागात, तळहाताएवढी एक जागा जुलैपासून बद्द वाजू लागली आहे; तिथे खडूचा गोल आहे, आणि मिस्त्रीला नोव्हेंबरात यायला सांगितले आहे. एसीच्या नळीखालची बादली संध्याकाळपर्यंत भरते. त्यातले पाणी ही तुळशीला घालते, उरलेले साळुंक्यांसाठी परातीत ओतते. कुंडी तिथेच आहे, कोपरा सपाट आहे, कुठे कड नाही. तरीही ही अजून त्या कोपऱ्याला वळसा घालून, भिंतीला हात लावतच कुंडीपर्यंत जाते.